घट बसायच्या आधी घर काढताय? नवे डबे नकोत. कॅरेट, गोणी अन् मार्कर पुरे

पितृपंधरवडा संपत आला की आपल्या भागात घरोघरी एकच काम सुरू होतं. माळ्यावरची भांडी खाली येतात, गोधड्या नदीला नाहीतर पाटाला धुवायला जातात, भिंतींवरून रंगाचा हात फिरतो. सर्वपित्री अमावस्येच्या आत घर काढून झालं पाहिजे, म्हणजे घट बसवायला आणि पुढं वणीच्या गडाला जायला माणूस मोकळा. निफाड असो, कळवण असो की येवला, रीत थोडीफार सारखीच.

पण जरा नीट बघा. आपण घर काढतो म्हणजे काय करतो? माळ्यावरचं सगळं खाली आणतो, पुसतो आणि परत माळ्यावर ठेवून देतो. तुटका पाळणा, बंद पडलेला मिक्सर, लग्नात आलेले स्टीलचे डबे, मुलाच्या चौथीच्या वह्या, ठिबकच्या जुन्या नळ्या. दरवर्षी तेच सामान दोनदा उचलायचं. घर स्वच्छ होतं, मोकळं होत नाही.

आता मोबाइलवर डब्यांच्या, खोक्यांच्या जाहिराती येतात. घर आवरायचं म्हणून लोक आधी सहा-आठ मोठे डबे मागवतात. अडगळ त्यात भरली जाते आणि झाकण लागतं. अडगळ तेवढीच राहते, वर डब्यांची भर पडते. म्हणून या लेखातली मुख्य गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. घर आवरायला लागणारं सामान हे वस्तू साठवायचं नसतं, वस्तू घराबाहेर काढायचं असतं. आणि ते बहुतेक सगळं आपल्या शेडमध्ये आधीच पडलेलं आहे.

हे लिहायचं कारण माझ्याच घरात घडलं. मागच्या वर्षी घर काढताना पुतणी माळ्यावर चढली होती. वरून ती एकेक वस्तू खाली देत होती. एक थंड पेयाची बाटली हातात देत म्हणाली, "काका, हे सरबत राहिलंय इथं." ते तणनाशक होतं. मीच कधीतरी शेजारच्या मळ्यातून अर्धा लिटर उसनं आणलेलं, रिकामी बाटली दिसली त्यात ओतलेलं आणि विसरून गेलेलं. तिनं झाकण उघडलं नव्हतं. त्या दिवसापासून आमच्या घरात आवरायचा क्रम बदलला. आधी विष, मग कागद, मग बाकी सगळं.

काय काय सामान लागतं

कॅरेट: टोमॅटोचं २० किलोचं प्लास्टिकचं कॅरेट घर आवरायला सगळ्यात चांगलं. एकावर एक बसतं, हवा खेळती राहते, आत काय आहे ते बाहेरून दिसतं आणि एका माणसाला उचलता येतं. पाच कॅरेट पुरे. फक्त वापरायच्या आधी साबणाच्या पाण्याने धुवून उन्हात वाळवा. त्यावर मातीबरोबर फवारणीच्या औषधाचा अंशही असतो.

कांद्याची जाळीची गोणी: कपडे, चपला, प्लास्टिकच्या बाटल्या यांना उत्तम. आतलं दिसत असल्यामुळं चुकून कामाची वस्तू बाहेर जात नाही.

खताची गोणी: युरियाची ४५ किलोची किंवा इतर खताची गोणी फक्त लोखंड, पत्रा, काच अशा जड भंगारासाठी वापरा. कितीही धुतली तरी त्यात अंथरूण-पांघरूण किंवा खायचं धान्य भरू नका.

ताडपत्री: खोलीतलं सगळं सामान ओट्यावर किंवा अंगणात एका ताडपत्रीवर मांडा. सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं की आपल्याकडं सात खलबत्ते आणि चार कंदील आहेत हे कळतं. आत कोनाड्यात ते कधीच कळत नाही.

मार्कर पेन आणि चिकटपट्टी: या कामातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगाचं सामान. प्रत्येक कॅरेटवर काय आहे आणि कोणत्या तारखेला भरलं ते लिहायचं.

सुतळी आणि दाभण: भरलेली गोणी लगेच शिवून टाका. तोंड उघडं राहिलं की रात्रीतून घरातलंच कोणीतरी चार वस्तू परत काढतं.

रबरी हातमोजे, बूट, बॅटरी आणि काठी: माळ्यावर, लाकडाच्या ढिगात किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात थेट हात घालायचा नाही. फवारणीला वापरलेले हातमोजे भांड्याकुंड्यांना वापरू नका, वेगळा जोड ठेवा.

लांब बांबूला बांधलेला झाडू, केरसुणी आणि खराटा: हे सांगायला नकोच. जळमटं काढताना तोंडाला ओलं उपरणं किंवा मास्क बांधा.

वजनकाटा: भंगारवाला येण्याआधी आपलं वजन आपण करून ठेवायचं.

अलीकडं फवारणीच्या पंपानं, म्हणजे एसटीपीनं घर धुवायची पद्धत पडलीय. काम झटपट होतं हे खरं. पण ज्या टाकीत आणि नळीत काल बुरशीनाशक होतं त्याच नळीचं पाणी स्वयंपाकघराच्या ओट्यावर आणि पाण्याच्या माठाजवळ मारू नका. पंप वापरायचाच असेल तर फक्त बाहेरच्या भिंती, शेड आणि अंगणासाठी. वायरिंगच्या आणि मीटरच्या बाजूला तर अजिबात नाही.

पाच कॅरेट, पाच नावं

पाच कॅरेट ओळीनं मांडा आणि त्यावर लिहा: ठेवायचं, द्यायचं, विकायचं, धोक्याचं आणि बघू.

पहिल्या चारांचा अर्थ कळतोच. पाचवं महत्त्वाचं. प्रत्येक घरात निम्म्या वस्तू अशा निघतात की टाकवत नाहीत आणि ठेवायलाही कारण सापडत नाही. त्यावर भांडत बसलं की काम तिथंच थांबतं. अशी वस्तू सरळ 'बघू'मध्ये टाका, कॅरेट भरलं की वर तारीख घाला आणि सुतळीनं बांधा. पुढच्या घटस्थापनेपर्यंत ते कॅरेट कोणी उघडलं नाही, तर त्यातल्या वस्तूंवाचून आपलं काहीही अडलं नाही, असं समजायचं. मग ते न उघडता द्यायला किंवा विकायला काढा. यात कागदपत्रं आणि दागिने मात्र टाकू नका.

एक नियम पाळा. ज्याची वस्तू त्याला विचारूनच. सुनेनं सासूची पितळी भांडी परस्पर विकली किंवा मुलानं वडिलांची अवजारं भंगारात दिली की सणाच्या तोंडावर घरात अबोला धरला जातो. म्हाताऱ्या माणसांना ताडपत्रीजवळ खुर्ची द्या आणि वस्तू त्यांच्या समोर धरा. निम्म्या वस्तू ते स्वतःच "दे टाकून" म्हणतात.

पहिला दिवस: विष बाहेर

घरात, माळ्यावर, देवळीत, न्हाणीत जिथं जिथं औषधं आहेत ती सगळी आधी गोळा करा. कीटकनाशक, तणनाशक, उंदराचं औषध, धान्यात टाकायच्या गोळ्या, टॉयलेट साफ करायचं ॲसिड. या कामाला लहान मुलं जवळ नकोत.

कीटकनाशकाच्या बाटलीवर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे जास्त विषारी, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे त्या मानानं कमी विषारी. हिरवा दिसला म्हणून ते निर्धोक असं नाही. ज्या बाटलीवर लेबलच नाही तिला लाल समजूनच वागा.

औषध कधीही दुसऱ्या बाटलीत ओतू नका. पाण्याच्या, थंड पेयाच्या, दारूच्या बाटलीत तर नाहीच. आपल्याकडं सर्रास मिळणाऱ्या पॅराक्वाट या तणनाशकावर उतारा नाही, आणि त्याचे थोडे घोटही जिवावर बेततात.

मुदत संपलेलं किंवा बंदी आलेलं औषध निघालं तर ते नाल्यात, विहिरीजवळ, शेततळ्यात ओतू नका. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये बंदी घातली, तरी जुन्या घरांच्या माळ्यावर अशा बाटल्या निघू शकतात. मूळ बाटलीतच, झाकण घट्ट करून, कुलपाच्या पेटीत घराबाहेरच्या शेडमध्ये ठेवा. मग गावाच्या कृषी सहाय्यकाला आणि जिथून औषधं घेता त्या दुकानदाराला दाखवून पुढं काय करायचं ते विचारा. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर फुकट आहे.

रिकाम्या डब्यांबाबत कायद्यात सरळ लिहिलेलं आहे. कीटकनाशक नियम १९७१ सांगतात की रिकामं पॅकिंग परत वापरलं जाईल असं उघड्यावर सोडायचं नाही, ते फोडून वस्तीपासून लांब पुरायचं. फवारणीच्या वेळीच डबा तीनदा खंगाळून ते पाणी पंपात ओतायचं, मग डब्याला भोकं पाडायची. विहीर, बोअर, ओढा जवळ असेल तिथं पुरू नका. जाळू तर नकाच, तो धूर छातीत जातो. आणि पाच लिटरचा चांगला डबा आहे म्हणून त्यात रॉकेल, तेल, पाणी भरायचं हे आता बंद करा.

धान्यात टाकायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांबद्दल वेगळं सांगतो. हवेतल्या ओलाव्यानं सुद्धा त्यातून विषारी वायू निघतो. हे प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली वापरायचं औषध आहे. झोपायच्या खोलीतल्या कोठीत ते टाकणं म्हणजे रात्रभर बंद खोलीत विष सोडणं. धान्य कडक उन्हात वाळवून, कोठी कोरडी करून, झाकण हवाबंद लावलं तर निम्मा त्रास तिथंच संपतो.

घर धुताना टॉयलेटचं ॲसिड आणि कपड्यांचं ब्लीच एकत्र करू नका. दोन्ही मिळून क्लोरिन वायू तयार होतो आणि छोट्या न्हाणीत माणूस गुदमरतो.

आणि काही झालंच, कोणाच्या पोटात औषध गेलंच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढत बसू नका. १०८ ला फोन करा आणि बाटली लेबलसकट दवाखान्यात न्या. कोणतं औषध पोटात गेलं हे डॉक्टरला कळलं तर वेळ वाचतो.

दुसरा दिवस: कागदांची पेटी

घर काढताना सगळ्यात मोठं नुकसान होतं ते कागदांचं. एक तर ते उंदीर-वाळवीला जातात, नाहीतर "जुनं रद्दी" म्हणून भंगारात.

कधीही टाकायचे नाहीत असे कागद: खरेदीखत, वाटणीपत्र, फेरफाराच्या नकला, जुने हस्तलिखित सातबारे, मोजणीचे नकाशे, मृत्युपत्र, जन्म-मृत्यूचे दाखले, शाळा सोडल्याचे दाखले, जातीचे दाखले आणि जातपडताळणीचे कागद, कर्ज फिटल्याचा बेबाकी दाखला.

आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला फाटका असला तरी सोन्यासारखा आहे. जातीच्या दाखल्यासाठी ठरावीक तारखेआधीचा पुरावा मागतात. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७. यापूर्वीचा एक कागद घरात असला तर नातवंडांच्या प्रवेशाचं काम सोपं होतं.

मोडी लिपीतला कागद तर वाचता येत नाही म्हणून टाकू नका. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, तेव्हा कचेऱ्यांमधली मोडी दप्तरं बाहेर निघाली आणि मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली. तसाच एखादा कागद आपल्या पेटीच्या तळाशी असू शकतो. जाणकाराकडून वाचून घ्या, पण मूळ कागद हातचा सोडू नका.

काही वर्षं ठेवायचे कागद: बाजार समितीतली विक्रीची पट्टी, पीक विम्याची पावती, पीक कर्जाचे कागद, अवजाराची-मोटारीची बिलं. पट्टीचं महत्त्व २०२३ मध्ये कळलं. त्या वर्षी १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात कांदा विकणाऱ्यांना क्विंटलला ३५० रुपये, जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत अनुदान जाहीर झालं, आणि त्यासाठी विक्रीची पट्टी आणि सातबाऱ्यावरची कांद्याची नोंद मागितली गेली. ज्यांनी पट्टी खिशात चुरगाळून टाकली त्यांना धावपळ करावी लागली.

हंगामापुरते ठेवायचे कागद: बियाण्याचं बिल, रिकामी पिशवी, तिच्यावरचा टॅग आणि मूठभर बियाणं. उगवण झाली नाही तर तक्रार करताना हेच मागतात. पीक घरात आल्यावर हे निघू द्या.

टाकायचे कागद: भरलेली जुनी लाइट बिलं, लग्नपत्रिका, मुदत संपलेली वॉरंटी कार्डं, जुने कॅटलॉग. आधारच्या झेरॉक्सा, बँकेच्या स्लिपा मात्र फाडून किंवा ओल्या करून लगदा करूनच टाका, तशाच रद्दीत देऊ नका.

हे सगळं ठेवायला एक पत्र्याची पेटी आणि सात-आठ प्लास्टिकचे पाकीटवजा फोल्डर पुरेसे आहेत. प्रत्येक फोल्डरवर मार्करनं नाव: जमीन, बँक, शिक्षण, दवाखाना, वाहन, बाजार. पेटी जमिनीवर न ठेवता दोन विटांवर ठेवा, वाळवी लागत नाही. कागदांना टाचण्या आणि रबर लावू नका, टाचणी गंजते आणि रबर चिकटतं. मशीनमधून निघालेल्या चकचकीत पावत्यांची अक्षरं वर्षभरात उडतात, त्यांची झेरॉक्स लगेच काढा. महत्त्वाच्या प्रत्येक कागदाचा मोबाइलवर फोटो घ्या, पण तो फोटो गावाच्या ग्रुपवर टाकू नका.

ताज्या सातबाऱ्याचे गठ्ठे साठवायची गरज नाही. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत महाभूमीच्या साइटवरून कधीही निघतो. जपायचे ते जुने हस्तलिखित.

पेटीत नोटा किंवा पासबुक निघालं तर

आजीच्या ट्रंकेत, धान्याच्या कोठीत, देवाच्या फोटोमागं पैसे निघतात हा आपल्या सगळ्यांचा अनुभव.

८ नोव्हेंबर २०१६ ला बंद झालेल्या ५०० आणि १००० च्या जुन्या नोटा आता कुठंच बदलून मिळत नाहीत. २०१७ च्या कायद्यानुसार आठवण म्हणून जास्तीत जास्त १० नोटा ठेवता येतात, त्याहून जास्त जवळ ठेवल्या तर दंड आहे. "जुन्या नोटा बदलून देतो" म्हणणाऱ्याचा फोन आला तर तो कापून टाका.

२००० ची नोट वेगळी आहे. ती मे २०२३ मध्ये चलनातून काढून घ्यायचं जाहीर झालं, पण ती रद्द झालेली नाही. गावच्या बँकेत आता घेत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या मुंबई, बेलापूर किंवा नागपूर कार्यालयात ती जमा करता येते, किंवा टपालानं तिकडं पाठवून खात्यावर पैसे घेता येतात. नाशिकरोडला नोटा छापल्या जातात खऱ्या, पण तिथल्या छापखान्यात बदलून मिळत नाहीत, उगीच फेरी मारू नका.

जुनं पासबुक, ठेवीची पावती, विम्याची पॉलिसी निघाली तर ती फेकू नका. दहा वर्षं व्यवहार न झालेल्या खात्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग होते, पण खातेदाराचा किंवा वारसाचा हक्क जात नाही. ज्या बँकेचं पासबुक आहे तिथं ओळखपत्र आणि वारसाचे कागद घेऊन जायचं. रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' नावाचं पोर्टल ऑगस्ट २०२३ पासून सुरू आहे, त्यावर अनेक मोठ्या बँकांमधली अशी खाती नावानं शोधता येतात.

कपडे, गोधड्या आणि भांडी

कपड्यांचे तीन ढीग करा. अंगावर घालण्यासारखे, गोधडीला लागणारे आणि चिंध्या.

सुती जुन्या साड्या आणि धोतरं गोधडीला बाजूला काढा, पण किती गोधड्या शिवायच्या हे आधी ठरवा. दोन गोधड्यांपुरतं कापड ठेवलं की बस. "कधीतरी शिवू" म्हणून तीन गाठोडी ठेवली की त्यात उंदीर पिल्लं घालतात. चिंध्यांना ट्रॅक्टर पुसायला आणि फरशीला जागा आहे. जर, चमक, पॉलिस्टरच्या साड्या बोहारणीला द्या, पण भांड्यांच्या बदल्यात देताना लक्षात ठेवा, एक गाठोडं बाहेर गेलं आणि तीन पातेली आत आली तर घर मोकळं झालं नाही. त्याऐवजी एकच, रोज वापरायची मोठी वस्तू मागा.

द्यायचे कपडे धुवून, बटणं लावून, घडी करून द्या. आता थोड्याच दिवसांत द्राक्षबागांची छाटणी सुरू होईल, पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडून मजूर कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या मळ्यांवर येतील. थंडी तोंडावर आहे. त्यांच्या लेकरांना स्वेटर, ब्लँकेट लागतात. पण जे आपण आपल्या मुलाच्या अंगावर घालणार नाही ते दुसऱ्याच्या मुलाला देऊ नये. फाटकं देणं म्हणजे आपली अडगळ दुसऱ्याच्या झोपडीत नेऊन टाकणं.

ठेवायच्या गोधड्या आणि लोकरीचे कपडे दोन दिवस कडक उन्हात टाका, मग पेटीत कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवा. डांबरगोळ्या वापरत असाल तर तान्ह्या बाळाच्या कपड्यात आणि दुपट्यात घालू नका. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एका घटकाची कमतरता असते, त्यांना या वासानं जोराची कावीळ होऊ शकते. शिवाय रंगीत गोळी लहान मुलाला पेपरमिंटसारखी दिसते.

भांड्यांचा हिशोब सोपा आहे. घरातली माणसं, अधिक दहा पाहुणे. त्याच्या वरची भांडी लग्नाकार्यासाठी ठेवली असतील तर भाऊबंदात मिळून एकच संच ठेवा. आता गावोगावी भाड्यानं भांडी मिळतात, मग प्रत्येक घराच्या माळ्यावर पन्नास ताटं कशाला?

भंगार: वजन आपलं, प्रकार वेगळे

लोखंड, ॲल्युमिनियम, तांबं, पितळ, प्लास्टिक आणि रद्दी वेगवेगळ्या गोण्यांत भरा. एकत्र दिलं की सगळ्याला लोखंडाचा भाव लागतो. जळालेल्या मोटारीच्या आत तांब्याचं वायंडिंग असतं, त्याचा भाव वेगळा विचारा. तांबं काढायला वायरी जाळू नका.

ठिबकच्या जुन्या नळ्या गोल गुंडाळून सुतळीनं बांधा. मालेगावात जुन्या प्लास्टिकपासून पाइप बनवणारा मोठा धंदा आहे, त्यामुळं हे प्लास्टिक बांधावर जाळण्यापेक्षा विकलेलं बरं. औषधांच्या बाटल्या मात्र या गोणीत नको.

फुगलेली मोबाइलची बॅटरी टोचू नका, गादीखाली किंवा कपड्यांत ठेवू नका, पेट घेते. जुन्या वाकड्या सीएफएल बल्बमध्ये पारा असतो, तो घरात फुटू देऊ नका. ट्रॅक्टरची, इन्व्हर्टरची जुनी बॅटरी नवी घेताना दुकानदाराला परत द्या, किमतीत वजावट मिळते.

अंगण आणि शेडचा कोपरा

घराच्या आतलं बाहेर काढून भिंतीला टेकवून ठेवलं म्हणजे घर आवरलं असं नाही. पावसाळा नुकताच सरलाय. टायर, फुटके माठ, उघडे डबे यांत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास आठवडाभरात तयार होतात. जी वस्तू उपडी करता येत नाही तिला भोक पाडा किंवा घालवा.

विटांचा ढीग, सरपण, जुन्या गोण्यांची थप्पी जिथं, तिथं उंदीर. जिथं उंदीर, तिथं साप. मण्यार रात्री घरात येते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि चावलेलं पुष्कळदा दुखतसुद्धा नाही. थप्पी हलवायची तर दिवसा हलवा, आधी काठीनं आपटा, मग बूट-हातमोजे घालून वरून एकेक उचला. साप चावला तर मांत्रिक नाही, सरळ सरकारी दवाखाना.

आता डबा घ्यायचा का?

हो, पण सगळ्यात शेवटी. सगळं काढून झाल्यावर जे उरलं ते मोजा आणि तेवढ्यालाच डबा घ्या. घ्यायचाच तर या गोष्टींसाठी पैसे घाला: औषधांसाठी कुलपाची पेटी, कागदांसाठी पत्र्याची पेटी आणि धान्यासाठी घट्ट झाकणाची कोठी. बाकी सगळं धुतलेल्या कॅरेटमध्ये बसतं.

आणि सगळं एका दिवसात करायला जाऊ नका. सोयाबीन, मका काढणीला आलाय, लाल कांद्याची लागवड चालू आहे, घरातल्या बायकांवर शेत आणि घर दोन्हीचा भार एकदम येतो. रोज एक तास, घरातल्या सगळ्यांनी. पहिल्या दिवशी विष, दुसऱ्या दिवशी कागद, तिसऱ्या दिवशी कपडे, चौथ्या दिवशी भांडी, पाचव्या दिवशी माळा, सहाव्या दिवशी शेड आणि अंगण, सातव्या दिवशी भंगारवाला. भरलेली गोणी त्याच दिवशी घराबाहेर गेली पाहिजे.

बाकी काही जमलं नाही तरी पहिला दिवस चुकवू नका. आज संध्याकाळी बॅटरी घ्या आणि माळ्यावर, न्हाणीत, देवळीत बिनलेबलाची बाटली आहे का तेवढं बघून या.